लोंढ्यापलीकडचा उतार

बेळगावाहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी देसूर, इदलहोंड, खानापूर, गुंजी ही गावे मागे टाकून दाट रानात शिरते आणि लोंढ्याला येऊन थांबते, तेव्हा नकाशावर नजर टाकणाऱ्यास एवढेच दिसते की, येथे तीन वाटा एकत्र झाल्या आहेत : एक बेळगाव-मिरजेवरून पुण्याकडे गेलेली, दुसरी नागरगाळी, तावरगट्टी, अळणावर या मार्गाने धारवाड-हुबळीकडे गेलेली, आणि तिसरी तिनईघाट व कॅसलरॉक येथून सह्याद्री उतरून मुरगावच्या बंदराला मिळालेली. पहिल्या दोन वाटा पठारावरच्या आहेत. त्यांत चढउतार आहेत, वळणे आहेत, नाले आहेत; पण गाडी हाकणाराचा हात क्षणभर सैल पडला तरी सावरून घेण्यास त्याला अवकाश मिळतो. तिसरी वाट लोंढ्यापासून सुमारे पंधरा मैलांवरचे कॅसलरॉक सोडताच कडा उतरू लागते, आणि मग थेट कुळेच्या सपाटीवर पोहोचेपर्यंत तो अवकाश तिला मिळत नाही.

ही वाट आणि तिच्यासारख्या वाटांवर देखरेख ठेवण्यासाठी गेल्या दीड शतकात जो एक लहानसा, फारसा कोणाच्या नजरेत न भरणारा सरकारी अंमलदारवर्ग निर्माण झाला, त्याची हकीकत सांगण्याचा हा प्रयत्न आहे. धोक्याच्या यंत्रोद्योगावर लक्ष कोणी ठेवावे, आणि लक्ष ठेवणाऱ्यावर हुकमत कोणाची असावी, हा प्रश्न आज रसायनांचे कारखाने, विमाने, अणुभट्ट्या यांच्या संबंधात विचारला जातो. आपल्या मुलखात तो विशेष तीव्रतेने उभा राहिला तो लोखंडी रुळांवर, आणि त्यातही घाटांतल्या रुळांवर.

लोंढ्याला आगगाडी आली ती दुष्काळ आणि तहनामा या दोहोंच्या योगाने. इसवी सन १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात दक्षिण महाराष्ट्र, कर्नाटक आणि मद्रास इलाख्याच्या कोरड्या मुलखात माणसे आणि गुरे तडफडून मेली, आणि धान्य दुसरीकडे असूनही ते वेळेवर पोहोचविता आले नाही, ही गोष्ट सरकारच्या मनावर ठसली. त्याच सुमारास, २६ डिसेंबर १८७८ रोजी, इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांत एक करारनामा झाला. त्यान्वये गोव्याच्या मिठागरांचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला, जकातीच्या भिंती उतरल्या, इंग्रज सरकारने गोव्यास दरसाल चार लक्ष रुपये देण्याचे कबूल केले आणि मुरगाव बंदरापासून इंग्रजी हद्दीपर्यंत लोहमार्ग बांधण्याचे ठरले. हा करार बारा वर्षांचा होता. १८९२ साली तो संपला आणि कोणी त्याचे नूतनीकरण केले नाही. लोहमार्ग मात्र मागे राहिला. गोव्याच्या बाजूचे काम १८८१ मध्ये स्थापन झालेल्या वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे या लंडनच्या कंपनीने अंगावर घेतले, आणि पठारावरचे जाळे विणण्यास १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी पुढे आली, जिचे मुख्य ठाणे धारवाडास होते. दोन्ही कंपन्यांनी मीटर मापाचे रूळ घातले. १८८७ च्या जानेवारीत मुरगावापासून सावर्ड्यापर्यंत गाडी धावू लागली, आणि १८८८ च्या फेब्रुवारीत घाटाचा तुकडा खुला होऊन समुद्र आणि पठार एकमेकांस जोडले गेले. पोर्तुगालच्या राजघराण्यावरून त्या घाटास ब्रागांझा घाट हे नाव पडले.

नाव राजघराण्याचे असले तरी घाट सह्याद्रीचा होता, आणि सह्याद्रीने आगगाडीवाल्यांस त्यापूर्वीच दोनदा धडा दिलेला होता. मुंबई-पुण्याच्या दरम्यानचा बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, तेव्हा सदतीस फुटांस एक फूट इतका खडा उतार आगगाडीने उतरावा, या पराक्रमाचे साऱ्या जगात कौतुक झाले. त्यानंतर चार वर्षांनी, १८६७ च्या पावसाळ्यात, याच घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. पुढे १८६९ च्या जानेवारीत, जेथे गाडीचे तोंड फिरवून तिला उलट दिशेस न्यावे लागे त्या खंडाळ्याखालच्या स्थानकात, ब्रेकांनी दाद न दिलेली टपालगाडी थांबलीच नाही आणि स्थानकाच्या टोकापलीकडे जाऊन कोसळली. पहिला अपघात बांधकामाचा, दुसरा चालवणुकीचा. या दोन अपघातांत पुढच्या साऱ्या तपासणीशास्त्राची दोन अंगे आलेली आहेत असे मला वाटते : वस्तू बरोबर बांधली आहे की नाही हे एकदा पाहावे लागते, आणि बरोबर बांधलेली वस्तू रोज बरोबर वापरली जाते की नाही हे रोज पाहावे लागते. पहिले काम थोर इंजिनिअरांचे म्हणून गौरवले जाते. दुसऱ्या कामाचा भार अल्प पगाराच्या माणसांवर असतो.

ब्रागांझा घाटाचा मूळचा उतार सामान्यतः चाळिसास एक असा मानला गेला. चाळीस फूट पुढे गेले की एक फूट खाली, हे प्रमाण बैलगाडीच्या रस्त्यावर कोणाच्या लक्षातही येणार नाही; पण लोखंडी चाक लोखंडी रुळावर इतके अल्प घर्षण करते की, शेकडो टनांची गाडी या उतारावर मोकळी सुटली तर दर क्षणी तिचा वेग वाढतच जातो, आणि एका विशिष्ट वेगापलीकडे जगातला कोणताही ब्रेक तिला आवरू शकत नाही. म्हणून घाटात वर चढणे हा कोळशाचा आणि वेळेचा प्रश्न असतो, खाली उतरणे हा प्राणांचा प्रश्न असतो. चढणाऱ्या गाडीस पुढून एक इंजिन पुरत नाही, म्हणून मागून दुसरे इंजिन रेटा देते. त्यास रेल्वेचे लोक बँकर म्हणतात. ते केवळ बळासाठी नसते. मधली साखळी तुटली तर तुटलेला मागचा भाग घरंगळू न देण्यासाठीही ते असते. उतरताना ब्रेकांचे सामर्थ्य आधी तपासून घ्यावे लागते, आणि तपासले असे तोंडी सांगून भागत नाही. गाडीबरोबर तसा लेखी दाखला असावा लागतो, आणि त्यावर ज्यांनी तपासले आणि ज्यांना ती गाडी न्यावयाची आहे त्या उभयतांच्या सह्या लागतात. कॅसलरॉकहून खाली निघणारी गाडी याच शिरस्त्याने सुटते. करंझोळ, दूधसागर, सोनावळी ही मधली स्थानके आणि तळाशी कुळे, असा तिचा उतरण्याचा क्रम.

या घाटातली सर्वांत विलक्षण योजना म्हणजे उतारावरच्या स्थानकांपाशी घातलेली, इंग्रजीत कॅच सायडिंग म्हणून ओळखली जाणारी फाट्याची वाट. ज्याने ती पाहिली नसेल त्याच्यासाठी तिचे वर्णन सविस्तर करणे अवश्य आहे. उतारावरून स्थानकाकडे येणाऱ्या मार्गावर, स्थानकाच्या अलीकडेच, एक सांधा बसविलेला असतो. तो नेहमी मुख्य मार्गास नव्हे तर बाजूच्या एका आखूड रुळवाटेस जोडून ठेवलेला असतो, आणि ती रुळवाट डोंगराच्या अंगास वर चढत जाऊन तेथेच संपते. उतरणारी गाडी सांध्याच्या अलीकडे पूर्ण उभी राहिली पाहिजे. ती उभी राहिली, म्हणजे गाडी हाकणाराच्या ताब्यात आहे याची खात्री पटली, म्हणजेच सांधेवाला सांधा फिरवून तिला स्थानकात घेतो. ती उभी राहिली नाही तर सांधा फिरवावयाचा नाही. बेफाम झालेली गाडी आपोआप त्या चढाच्या वाटेवर जाते आणि चढावर तिचा वेग जिरतो. आजच्या नियमांप्रमाणे ऐंशीस एक यापेक्षा खडा उतार स्थानकाकडे येत असेल तर अशी वाट ठेवावी लागते, आणि स्थानकातून बाहेर जाणारा उतार शंभरास एक यापेक्षा खडा असेल तर स्थानकात उभे असलेले डबे सुटून घाटात जाऊ नयेत म्हणून दुसऱ्या प्रकारची वाट ठेवावी लागते.

या योजनेत एक तत्त्व दडलेले आहे, आणि सुरक्षेच्या साऱ्या शास्त्रात त्याहून मोलाचे तत्त्व मला आढळलेले नाही. सामान्य व्यवहारात आपण असे धरून चालतो की माणूस आपले काम नीट करील, आणि तो चुकल्यास उपाय करू. येथे उलट धरलेले आहे. गाडी ताब्यात नाही असेच आधी गृहीत धरलेले आहे, आणि ती ताब्यात आहे हे सिद्ध करण्याचा भार गाडी हाकणारावर ठेवलेला आहे. स्थानकाची वाट त्याला हक्काने मिळत नाही; दर स्थानकापाशी थांबून, शिटी देऊन, ती त्याला मागून घ्यावी लागते. घाईच्या दिवशी, उशीर झालेल्या गाडीत, वरिष्ठांची तार मागे लागलेली असताना, हा थांबा किती जाचक वाटत असेल याची कल्पना करता येते. पण तो थांबा वगळण्याचा अधिकार कोणालाही, अगदी मोठ्यात मोठ्या साहेबालाही दिलेला नाही.

एकेरी मार्गावर दोन स्थानकांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असावी, यासाठी टोकनाचा शिरस्ता होता. पुढच्या स्थानकाच्या मास्तरने यंत्रावरून लाइन क्लिअर दिल्यावाचून मागच्या स्थानकातल्या पेटीतून टोकन निघत नसे, आणि टोकन हाती आल्यावाचून गाडी हलत नसे. लोंढ्याच्या स्टेशनमास्तरला तीन बाजूंची लाइन क्लिअर सांभाळावी लागे. घाटात काही खोळंबा झाला की त्याचा ताण प्रथम त्याच्या वहीत उमटे. पावसाळ्यात आणखी एक काम वाढे. या डोंगरांत पाऊस असा कोसळतो की पाण्याने भिजलेली माती आणि सैल झालेले दगड कधी रुळांवर येतील याचा नेम नसतो. म्हणून गँगचे मुकादम आणि गस्तवाले रात्री कंदील, लाल बत्ती आणि रुळावर ठेवावयाचे फटाके घेऊन आपापल्या हद्दीत चालत राहात, हद्दीच्या टोकास दुसऱ्या गस्तवाल्यास भेटत आणि खूण बदलून परतत. दरड दिसली तर येणाऱ्या गाडीच्या वाटेवर धावत जाऊन फटाके मांडावेत, एवढाच त्यांचा अधिकार आणि एवढीच त्यांची जबाबदारी. या लोकांची नावे कोणत्याही अहवालाच्या पहिल्या पानावर आलेली नाहीत. घाटाची सुरक्षितता मात्र रात्रीच्या रात्री त्यांच्या पायांवर उभी होती.

आता हे सारे नियम पाळले जातात की नाही हे कोणी पाहावयाचे? कंपनी आपल्या नोकरांवर देखरेख ठेवीलच. पण कंपनीवर देखरेख कोणाची? इंग्लंडात हा प्रश्न १८४० च्या कायद्याने सोडविला गेला आणि व्यापार खात्याच्या हाताखाली लष्करी इंजिनिअरांतून निवडलेले रेल्वे तपासनीस नेमण्यात आले. हिंदुस्थानात आरंभी कंपन्यांना व्याजाची हमी सरकारने दिलेली असल्यामुळे सरकारचे सल्लागार इंजिनिअर कंपन्यांच्या खर्चावर आणि कामावर नजर ठेवीत. त्यांची दृष्टी सरकारच्या तिजोरीकडे लागलेली असे, आणि प्रवाशांच्या जिवाचा विचार तिच्या मागोमाग येई. ही स्थिती बदलण्यास एका परदेशी घाटाची दुर्घटना काही अंशी कारण झाली असावी असे वाटण्यास जागा आहे. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडातील आर्मा गावाजवळ मुलांनी भरलेली एक सहलीची गाडी चढावर अडली. इंजिनाला सगळे डबे ओढवेनात, म्हणून नोकरांनी गाडीचे दोन भाग केले आणि मागच्या डब्यांच्या चाकांखाली दगड लावले. त्या गाडीचे ब्रेक असे होते की जोड तुटताच त्यांचे बळ नाहीसे होई. पुढच्या भागाच्या किंचितशा धक्क्याने दगड चिरडले, मागचे डबे उतारावरून घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. ऐंशी माणसे मेली. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटाने कायदा करून जोड तुटताच आपोआप आवळले जाणारे ब्रेक, स्थानकांमधील मार्गावर एकाच गाडीचा नियम आणि सांधे व सिग्नल यांची यांत्रिक गाठ ही तिन्ही बंधनकारक केली.

हिंदुस्थानचा रेल्वे कायदा, म्हणजे १८९० चा नववा कायदा, त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १ मे १८९० पासून अंमलात आला. त्याच्या चौथ्या कलमाने सरकारी तपासनिसांची नेमणूक झाली आणि त्यांची कामे नेमून दिली गेली : नवा मार्ग प्रवाशांसाठी खुला करण्यास योग्य आहे की नाही हे पाहणे, खुल्या मार्गाची व गाड्यांची वेळोवेळी तपासणी करणे आणि अपघाताच्या कारणाची चौकशी करणे. नवा मार्ग खुला करण्यापूर्वी तपासनीस त्यावरून ट्रॉलीने फिरे, बोगद्यांची आणि फलाटांची मापे घेई, पुलांवर जड इंजिने उभी करून आणि चालवून पूल किती वाकतो हे मोजी, आणि मगच आपले मत लिही. त्र्याऐंशीव्या कलमाने अपघाताची खबर देण्याचे बंधन घातले. ज्या अपघातात जीव गेला किंवा जबर दुखापत झाली, ज्यात प्रवासी गाडीची टक्कर झाली किंवा ती रुळांवरून उतरली, त्याची खबर विनाविलंब सरकारास व तपासनिसास द्यावयाची, आणि जवळच्या स्टेशनमास्तरने जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटास व फौजदारास कळवावयाचे. लोंढे बेळगाव जिल्ह्यात आणि कॅसलरॉक कारवार जिल्ह्यात असल्याने, एकाच घाटाच्या डोक्यावरचा अपघात कोणत्या मैलाच्या दगडाजवळ झाला यावर तो कोणत्या कचेरीत नोंदला जावयाचा हे ठरे.

मॅजिस्ट्रेटाचा आणि तपासनिसाचा हेतू मुळातच भिन्न होता, आणि हा भेद समजून घेतल्यावाचून या वर्गाचे महत्त्व ध्यानात येत नाही. फौजदार गुन्हेगार शोधतो. त्याला एक माणूस सापडला की त्याचे काम बव्हंशी संपते, आणि तो माणूस बहुधा सांधेवाला, गार्ड किंवा ड्रायव्हर असतो, कारण शेवटचा हात त्यांचाच लागलेला असतो. तपासनीस कारण शोधतो. सांधेवाल्याने सांधा चुकीचा लावला हे त्याला मान्य असते, पण तो किती तासांच्या सलग कामावर होता, सांध्याचा दांडा झिजलेला होता काय, नियमांचे पुस्तक त्याला समजणाऱ्या भाषेत होते काय, आणि तीच चूक पूर्वी घडून दडपली गेली होती काय, हे प्रश्न त्याला विचारावे लागतात. यांतले काही प्रश्न कंपनीच्या मुख्य कचेरीपर्यंत जाऊन पोहोचतात. म्हणूनच तपासनिसाचे स्वातंत्र्य हा सोयीचा नव्हे, सत्याचा प्रश्न ठरतो.

येथे ब्रागांझा घाटाची एक विशेष अडचण लक्षात घेतली पाहिजे. हा १८९० चा कायदा कॅसलरॉकपाशी संपत होता. खालचा घाट, दूधसागरचा धबधबा ज्या पुलावरून दिसतो तो पूल, करंझोळ, सोनावळी आणि कुळे ही सारी पोर्तुगीज हद्दीत होती. कायदा सरहद्दीवर थांबला, उतार थांबला नाही. कॅसलरॉकला सोडलेल्या गाडीचा ब्रेक इंग्रजी हद्दीत तपासला जाई आणि त्याची कसोटी पोर्तुगीज हद्दीत लागे. विसाव्या शतकाच्या आरंभी तोट्यात चाललेल्या पोर्तुगीज रेल्वेची चालवणूक सदर्न मराठा कंपनीकडे आली, तेव्हा निदान घाटाच्या दोन्ही अंगांचा कारभार एका हाती झाला. १९०८ मध्ये तीच कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे हे मोठे नाव लोंढ्याच्या पाटीखाली आले. दोन सार्वभौम सत्तांच्या सरहद्दीवर प्रवाशांच्या पेट्या उघडून जकात घेणारे अंमलदार दोन्हीकडे होते. प्रवाशांच्या जिवाच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजूंस एकच कायदा लागू होण्यास अजून अर्धशतकाहून अधिक काळ जावयाचा होता.

दरम्यान इंग्रजी हद्दीतही या व्यवस्थेत एक फट पडली. १९०५ मध्ये रेल्वे बोर्ड स्थापन झाले आणि सरकारी तपासनीस त्या बोर्डाच्या हाताखाली गेले. खाजगी कंपन्या होत्या तोवर यात फारसे वावगे दिसले नाही, कारण बोर्ड सरकारचे आणि कंपन्या परक्या होत्या. पुढे एकेक रेल्वे सरकारच्याच ताब्यात येऊ लागली, तसे बोर्ड हे मालकही झाले, चालकही झाले आणि तपासनिसांचे धनीही झाले. याचे पर्यवसान कशात होऊ शकते हे १७ जुलै १९३७ च्या पहाटे बिहारातील बिहटा येथे दिसून आले. एक्स बी जातीच्या पॅसिफिक इंजिनाने ओढलेली एक्सप्रेस रुळांवरून उतरली आणि शंभरावर माणसे मृत्युमुखी पडली. ही इंजिने रेल्वे बोर्डाच्या प्रमाणीकरणाच्या धोरणानुसार आणविलेली होती, आणि वेगात ती रुळांवर डावीउजवीकडे हेलकावे खातात हे आधीच माहीत झालेले होते. अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर जॉन थॉम यांच्याकडे चौकशी सोपविण्यात आली. त्यानंतर नेमलेल्या पॅसिफिक इंजिन समितीत ब्रिटनच्या वाहतूक खात्याचे मुख्य तपासनीस लेफ्टनंट कर्नल माउंट आणि विख्यात इंजिन-रचनाकार स्टॅनियर हे आले. ज्या बोर्डाने इंजिने विकत घेतली त्याच बोर्डाच्या नोकरांनी त्या इंजिनांचे दोष सांगावेत ही अपेक्षा मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध आहे, हे आता कोणास पटवून द्यावे लागत नव्हते.

यापूर्वीच, १९३५ च्या राज्यकारभारविषयक कायद्यात, प्रवाशांच्या व रेल्वेनोकरांच्या सुरक्षिततेची कामे आणि अपघातांची चौकशी रेल्वे चालविणाऱ्या अधिकारमंडळापासून स्वतंत्र व्यक्तींकडे असावी, असे तत्त्व मांडलेले होते. ते तत्त्व कागदावरच राहिले होते. माउंट यांनी १९३९ मध्ये त्याचा आग्रहाने पुरस्कार केला, मध्यवर्ती विधिमंडळाने १९४० मध्ये त्यास अनुमती दिली, आणि मे १९४१ मध्ये, युद्धाच्या ऐन धामधुमीत, रेल्वे तपासनीसांचे खाते रेल्वे बोर्डापासून काढून टपाल व हवाई खात्याच्या स्वाधीन करण्यात आले. पुष्कळांस हा कारकुनी फेरबदल वाटला असेल. माझ्या मते आपल्या देशातील औद्योगिक सुरक्षिततेच्या इतिहासातील तो एक मोठा दिवस होता. कारण लोंढ्याच्या घाटातल्या कॅच सायडिंगचे तत्त्व, म्हणजे सिद्ध होईपर्यंत ताबा आहे असे मानावयाचे नाही हे तत्त्व, त्या दिवशी रेल्वे बोर्डालाही लावले गेले.

स्वातंत्र्यानंतर लोंढे १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत गेले. १५ ऑगस्ट १९५५ च्या गोवा सत्याग्रहात पोर्तुगीजांनी निःशस्त्र लोकांवर गोळीबार केला, त्यानंतर भारत आणि गोवा यांच्यातील रेल्वेची वाहतूक बंद पडली, आणि कॅसलरॉक हे रस्त्याचे टोक होऊन बसले. मग १९६१ हे वर्ष आले. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला सरकारी तपासनिसांचे नाव बदलून रेल्वे सुरक्षा आयुक्त असे झाले, आणि १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. परंतु घाटाच्या दृष्टीने पाहता, त्या सात आठवड्यांत तपासनिसाला नवे नाव मिळाले आणि त्याच्या अधिकाराला कॅसलरॉकपासून मुरगावपर्यंत प्रथमच सलग मार्ग मिळाला. मे १९६७ मध्ये हे खाते पर्यटन व नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे गेले, आणि १९८९ च्या नव्या रेल्वे कायद्याने आयुक्तांचे अधिकार पुन्हा एकवार कायद्यात बांधले. आज लोंढे २००३ मध्ये निर्माण झालेल्या नैर्ऋत्य रेल्वेत आहे, आणि तेथला सुरक्षा आयुक्त बंगळुरूस बसतो. तो रेल्वेमंत्र्याला नव्हे, विमान वाहतूक मंत्रालयाला जबाबदार आहे, ही गोष्ट ऐकून प्रवाशांस नवल वाटते.

१९९० च्या दशकात मीटर मापाचे रूळ उखडून लोंढे-वास्को मार्ग रुंद करण्यात आला. बोगदे वाढविले गेले, पूल बदलले गेले, आणि कायद्याप्रमाणे नवा मार्ग आयुक्तांच्या परवानगीवाचून प्रवाशांस खुला होऊ शकत नव्हता. १८९० च्या चौथ्या कलमातील पहिले काम शंभर वर्षांनी पुन्हा करावे लागले. घाट मात्र तोच राहिला. २३ जुलै २०२१ रोजी मुसळधार पावसात मंगळुरूहून मुंबईस निघालेली आणि कोकणातील खोळंब्यामुळे या मार्गाने वळविलेली प्रवासी गाडी दूधसागर व सोनावळीच्या दरम्यान कोसळलेल्या दरडीमुळे रुळांवरून घसरली. प्राणहानी झाली नाही. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये याच भागात मालगाडी घसरली. मधल्या काळात घाटातला एकेरी मार्ग दुहेरी करण्याच्या प्रस्तावाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. म्हणजे उतारावरची गाडी ताब्यात आहे हे दाखविण्याचा भार जसा ड्रायव्हरवर, तसा जंगलाची हानी होणार नाही हे दाखविण्याचा भार आता प्रकल्प उभारणाऱ्यावर येऊन पडला आहे, आणि ते मला योग्य वाटते.

तरीही १९४१ मध्ये सुरू झालेले काम पुरे झालेले नाही. आयुक्त आजही रेल्वेच्याच इंजिनिअरांतून निवडले जातात. त्यांच्या चौकशीचे निष्कर्ष सल्ल्याच्या स्वरूपात असतात, आणि ते मानावयाचे की नाही हे रेल्वे बोर्ड ठरविते. सप्टेंबर २०११ मध्ये सरकारने अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखाली सुरक्षिततेचा आढावा घेण्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमली, आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये तिचा अहवाल आला. नियम करणे, गाड्या चालविणे आणि नियम पाळले जातात की नाही हे पाहणे ही तिन्ही कामे रेल्वे बोर्डाच्याच ठायी एकवटलेली आहेत, असे त्या समितीने स्पष्ट लिहिले, आणि रेल्वे मंत्रालयाच्या बाहेर, कायद्याने अधिकार दिलेले स्वतंत्र रेल्वे सुरक्षा प्राधिकरण स्थापन करावे अशी शिफारस केली. ज्या गृहस्थांची हयात अणुशक्ती खात्यात गेली, जेथे धोक्याचे मोजमाप हा रोजचा व्यवहार, त्यांनी रेल्वेचे दप्तर चाळून सुमारे पंचाहत्तर वर्षांपूर्वी १९३५ च्या कायद्याने मांडलेल्या तत्त्वापाशीच यावे, हे या प्रश्नाच्या खोलीचे प्रमाण आहे. तसे प्राधिकरण अद्याप अस्तित्वात आलेले नाही, आणि कॅसलरॉकहून सुटणाऱ्या गाड्यांचे ब्रेक आजही जुन्याच शिरस्त्याने, दोघांच्या सहीने, तपासले जात आहेत.